घरी बसणाऱ्याचा वाटा

दुपारी आमच्या दारावर कोणी थाप मारली, तर उघडायला मीच असतो. गॅसवाला, कुरिअरवाला, मीटरचा फोटो काढणारा, लग्नपत्रिका वाटत फिरणारे कोणाचेतरी पाहुणे, सगळ्यांना माझंच तोंड दिसतं. बाकीचे दोघे सकाळी निघतात आणि दिवेलागणीला परततात. त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या लोकांचा समज असा की घर माझं आहे आणि मला कामधंदा नाही.

दोन्ही खोटं. धुळ्यात देवपूरच्या बाजूला हे तीन खोल्यांचं भाड्याचं घर आहे. मालक जळगावला राहतो आणि भाडं चुकलं तरच फोन करतो. आम्ही तिघे राहतो. सगळ्यांत थोरले एका सरकारी कचेरीत कारकून आहेत. त्यांचं कुटुंब पिंपळनेरला, त्यामुळे शनिवारी सकाळी एस.टी. धरायची आणि सोमवारी सकाळी परत यायचं, हा त्यांचा नेम. आम्ही त्यांना नाना म्हणतो. भाडेकराराच्या कागदावर पहिलं नाव नानांचं आहे आणि मला या घरात त्यांनीच आणलं. तिसरा पाचोऱ्याकडचा तरुण. एका कर्ज देणाऱ्या कंपनीची वसुली करत तो दिवसभर मोटारसायकलवर असायचा. पुढची मोठी खोली त्या दोघांची, मागची लहान खोली माझी, स्वयंपाकघर तिघांचं.

माझा धंदा जुन्या ट्रॅक्टरचा. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात बायको आणि आई शेत बघतात. मी शाळा सोडली ती बैलबाजारात उतरायला. आधी हेड्यांच्या, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्यांच्या, बैलांना पाणी पाजलं, मग एका हेड्याच्या हाताखाली भाव करायला शिकलो, मग स्वतः दलाली केली. बैल कमी होत गेले तसा मी ट्रॅक्टरकडे वळलो. कोणी हात धरून शिकवलं नाही, कोणाच्या घरचं भांडवल नव्हतं. हायवेला एक गाळा घेतला होता. लॉकडाऊनमध्ये बंद शटरचं भाडं भरत बसलो आणि त्या काळात एक गोष्ट लक्षात आली की माणसं ट्रॅक्टर बघायला गाळ्यावर येत नाहीत. फोटो बघतात, इंजिनचा आवाज व्हिडिओवर ऐकतात, भाव फोनवर होतो, आणि माल जिथे उभा आहे तिथूनच उचलला जातो. मी गाळा सोडला. तेव्हापासून माझी मागची खोली हेच माझं दुकान. एक टेबल, दोन फोन, एक जुना कॉम्प्युटर आणि एक कूलर.

भांडण झालं ते कूलरवरून.

तोवर आमचा हिशेब सरळ होता. भाडं, वीज, गॅस, सगळ्याचे तीन वाटे. हिवाळ्यात दोघे पहाटे गिझर लावून आंघोळी करून जायचे. मी उशिरा उठतो, तोवर छतावरची टाकी उन्हाने कोमट झालेली असते, मला गिझर लागत नाही. तरी बिलाचे तीन वाटे झाले आणि मी एक अक्षर काढलं नाही. ही गोष्ट मी विसरलो नव्हतो, फक्त बोललो नव्हतो. धंद्यात बोलायची वेळ राखून ठेवावी लागते.

एप्रिलचं बिल जवळजवळ दुप्पट आलं. धुळ्यातलं एप्रिलचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना कारण सांगायला नको. अकरा वाजल्यापासून माझा कूलर चालू असे तो संध्याकाळी भिंती निवेपर्यंत. कॉम्प्युटर होताच. आकडा बघितला तेव्हाच मी मनात ठरवलं होतं की यावेळी माझा वाटा जास्त असला पाहिजे. हे मी खरं सांगतो. पण माझ्या मनातला भाव मी आधी सांगायचा नसतो, हे इतक्या वर्षांत हाडात मुरलेलं.

एका शुक्रवारी जेवताना तरुणाने विषय काढला, आणि चांगल्या शब्दांत काढला. भाऊ, यावेळी बिल जरा वेगळ्या पद्धतीने वाटायचं का, असं म्हणाला.

मी म्हणालो, "का?"

त्या एका शब्दाने सगळं बिघडलं. तो बिचारा समजावून सांगू लागला. युनिट जास्त झाले की वरचा स्लॅब लागतो, वरच्या स्लॅबचा दर चढा असतो, आणि तो स्लॅब आपल्याला दिवसाच्या वापरामुळे लागला. म्हणजे माझ्यामुळे, हे त्याने म्हटलं नाही, पण भाकरीचा तुकडा मोडत माझ्याकडे बघितलं. मग नाना बोलले. निम्मं तू दे, उरलेल्या निम्म्यात आम्ही दोघं. त्यांच्या बोलण्यावरून कळलं की दोघांचं हे आधीच ठरलेलं आहे. मला विचारत नव्हते, कळवत होते.

मी गिझरचा विषय काढला. फ्रिजचा काढला, त्यात माझी एक दुधाची पिशवी असते आणि बाकी नानांच्या घरची लोणची. मग पाण्याचा काढला. आमच्याकडे नळ रोज येत नाही. मध्ये किती दिवस जातील आणि कोणत्या वेळी येईल याचा नेम नाही. आला की मोटार लावायची, आधीचं गढूळ पाणी सोडून द्यायचं, वरची टाकी भरायची, पिण्याचे कॅन भरायचे. हे कोण करतं? गॅसची टाकी कोण उतरवून घेतं? माझा आवाज चढला होता हे मला शेजारच्या घरात टीव्ही एकदम बारीक झाला तेव्हा कळलं.

नाना शांतपणे हात धुवायला उठले आणि जाता जाता म्हणाले, "तू ते घरमाच बठेल ऱ्हास. तुले काय कष्ट शे?"

तू तर घरातच बसलेला असतोस, तुला कसले कष्ट. मला आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ बोलले आहेत. बाजारात आईबापावरून शिव्या खाल्ल्या आहेत आणि पाच मिनिटांनी त्याच माणसाबरोबर चहा प्यायलो आहे. पण हे वाक्य गेलं ते आत जाऊन बसलं. मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. शेवटी नाना म्हणाले की परवडत नसेल तर दुसरी खोली बघ. कागदावर पहिलं नाव त्यांचं होतं, ते तसं म्हणू शकत होते.

आता माझ्यापुढे दोनच रस्ते राहिले. निम्मं बिल मुकाट द्यायचं, म्हणजे मी रिकामटेकडा घरात वीज जाळत बसतो हे कबूल करायचं. नाहीतर घर सोडायचं. बायको-मुलांशिवाय राहणाऱ्या, दिवसभर खोलीत फोनवर मोठ्याने बोलणाऱ्या माणसाला धुळ्यात कोण घर देतं, हे मी गाळा सोडला तेव्हा महिनाभर फिरून पाहिलं होतं. पैशाचा प्रश्न नव्हता. त्या घरात मी काम करणारा माणूस म्हणून राहायचं की फुकट बसणारा म्हणून, एवढाच प्रश्न होता.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी नळ आला. गल्लीत मोटारी सुरू झाल्याचा आवाज ऐकू आला. मी खुर्चीतून उठलो नाही. पाचोऱ्याच्या एका शेतकऱ्याशी ट्रॅक्टरचा सौदा चालला होता, तो मध्येच सोडता आला असता, पण कोणताही कामावरचा माणूस काम सोडून नळाला पळत नाही, मग मीच का पळू? पाणी आलं आणि गेलं.

संध्याकाळी तरुण धुळीने माखून आला, नळ सोडला, वर जाऊन टाकी बघून आला.

"भाऊ, मोटार बिघडली का?"

"मोटार चांगली आहे," मी म्हणालो. "मी कामावर होतो."

तो रिकामी बादली उचलून शेजारी गेला. नाना आल्यावर त्यांना त्याने काही सांगितलं नसावं, कारण त्यांनी थेट नळच फिरवून पाहिला. मग आम्ही जारचं पाणी विकत आणू लागलो. शेजाऱ्यांकडून आंघोळीला बादली मागायची, भांडी घासायला पाणी नाही म्हणून बाहेरून शेवभाजीचं पार्सल आणायचं. भांडणाच्या रकमेपेक्षा जार आणि पार्सल महाग पडत होते, आणि तो आकडा मी रोज मनात मांडत होतो, मला मांडल्याशिवाय राहवत नाही. तरी त्या दिवशी मोटार न लावण्यात माझी चूक झाली असं मला आजही वाटत नाही. गाढवपणा एवढाच की गुपचूप स्वतःपुरत्या दोन घागरी भरून ठेवायचं सुचलं नाही. कूलरलाही पाणी नव्हतं. दोघांना धडा शिकवताना भर उन्हाळ्यात उकडून मी निघालो.

असे चार-पाच दिवस गेल्यावर एका संध्याकाळी नाना माझ्या खोलीच्या दारात आले आणि मला पुढच्या खोलीत बोलावलं. तरुण समोरच्या कॉटवर मोबाईल बघत बसला होता. नाना सतरंजीवर बसले. मी बसलो. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आमच्या दोघांच्या मध्ये पसरला आणि म्हणाले, "हात दे. बठ्ठं मिटी जाई." सगळं मिटून जाईल.

मी कितीतरी वर्षांनी हे पाहत होतो. बैलबाजारात सौदा तोंडाने होत नाही. भोवती दहा माणसं कान देऊन उभी असतात, म्हणून घेणारा आणि दलाल रुमालाखाली हात घालतात. जितकी बोटं धरली तितका भाव. जमलं तर हात दाबायचा, नाही जमलं तर बोट सोडून दुसरं धरायचं. बाहेर चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. खरा भाव त्या दोघांतच राहतो, आणि बाहेर जो सांगायचा तो सांगतात. नानांचे वडील बैलांचे शौकीन, पिंपळनेरकडून बाजाराला यायचे, त्यामुळे त्यांना हे ठाऊक होतं. त्यांच्या हातात तो टॉवेल बघून, सांगायला हरकत नाही, माझा राग अर्धा उतरला. हा माणूस माझ्या भाषेत बोलायला आला आहे असं वाटलं.

मी हात घातला. नानांनी माझं एक बोट पूर्ण धरलं. बिल तीन हजारांच्या आसपास होतं, त्यामुळे एका बोटाचा अर्थ लगेच कळला. एक हजार. म्हणजे नेहमीसारखा सरळ तिसरा वाटा, निम्मं नव्हे.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पुढे वाकले आणि ओठ न हलवता म्हणाले की त्याच्यासमोर दीडच म्हण, वरचे पाचशे मी तुला गुपचूप देईन.

त्यांच्या बाजूने सगळं बरोबर होतं. तरुणाला दिलेला शब्द राहत होता, मला माझा भाव मिळत होता, आणि भुर्दंड ते स्वतःच्या खिशातून सोसत होते. धंद्यातल्या माणसाला भाव मिळाला की तो गप्प बसतो, असा त्यांचा हिशेब. बैल असता तर मी हात दाबला असता. पण बैल विकून झाल्यावर घेणारा आणि विकणारा आपापल्या गावी जातात. आम्हाला उद्या सकाळी त्याच स्वयंपाकघरात चहा करायचा होता. बाहेर मी निम्मं देणारा, म्हणजे बसून खाणाराच राहणार होतो, फक्त त्याची मला पाचशे रुपये भरपाई.

मी टॉवेल उचलून बाजूला टाकला. नानांची मूठ माझ्या बोटाभोवती तशीच होती, ती तरुणाने पाहिली. बाजारात असं कोणी करत नाही. ज्याने रुमाल ओढला त्याला पुन्हा कोणी हात देत नाही.

मी मोठ्याने म्हणालो, "नाना मला हजार सांगतात. वरचे पाचशे ते भरणार आहेत आणि तुला दीड सांगायचे आहेत."

तरुणाने मोबाईल खाली ठेवला. नानांचा चेहरा उतरला. त्यांनी हात काढून घेतला आणि टॉवेलची घडी घालत बसले. घडी झाल्यावर म्हणाले की घर मोडू नये म्हणून केलं.

"भाऊ," तरुण म्हणाला, "तुम्हाला नक्की काय पाहिजे, ते एकदा सरळ सांगा ना."

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मग मी सांगितलं. माझ्या खोलीला वेगळा सब-मीटर बसवायचा. कूलर, कॉम्प्युटर, जे त्या खोलीत जळेल ते सगळं माझं, आणि तेही वरच्या स्लॅबच्या दराने, कारण स्लॅब माझ्यामुळे लागतो हे खरं आहे. उरलेल्याचे तीन सारखे वाटे. पाणी आणि गॅस मी बघीन, पण फुकट नाही. पैसेही नकोत. ज्या आठवड्यात नळ येईल आणि मी पाणी भरीन, त्या आठवड्याची भांडी तुम्ही दोघांनी घासायची.

तरुणाने मोबाईलवर काहीतरी गुणाकार केले, पुन्हा केले, आणि हसला. "भाऊ, हे तर तुम्हालाच महाग पडतं. आम्ही मागत होतो त्याच्याहून जास्त."

"मला माहीत आहे."

नानांनी वर पाहिलं. "मग इतके दिवस भांडलास कशाले?"

"तुम्ही मागत होता तो दंड होता, नाना. हा दर आहे."

सब-मीटरसाठी मी जळगावला मालकाला फोन केला. तो म्हणाला बसवा, पण तुमच्या खर्चाने. मी त्याला म्हटलं, मीटर भिंतीला राहणार, आम्ही गेलो तरी भिंत तुमचीच. अर्धा खर्च त्याच्याकडून काढला. मे महिन्यात माझा वाटा निम्म्याच्या बराच पुढे गेला. मी तो आकडा बघून एकदा पाणी प्यायलो आणि पैसे पाठवून दिले. कूलर चार वाजताच बंद करायची सवय मात्र लागली.

नाना बरेच दिवस माझ्याशी सरळ बोलले नाहीत. मी दोन हातांवर बसलेला असलो तरी ते तरुणाला सांगायचे, "त्याले इचार, गॅस लावला का." तरुण माझ्याकडे बघायचा, मी म्हणायचो लावला, आणि तो नानांना सांगायचा, लावला म्हणतात. पाणी आलेल्या आठवड्यात नाना भांडी घासायचे आणि माझं ताट शेवटी घ्यायचे. पण घ्यायचे. माफी त्यांनी मागितली नाही, मीही मागितली नाही. पाऊस पडून गारवा आला तेव्हा एकदा ते पिंपळनेरहून आले आणि पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवून गेले. तिथून बोलणं सुरू झालं.

यंदा तरुणाची नोकरी बदलली. पुण्याच्या एका कंपनीने त्याला घेतलं. काम तेच, थकलेल्या कर्जाचं, पण आता फोनवरून आणि घरून. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याने टेबल मांडलं, कानाला हेडफोन लावला, आणि पहिल्याच दिवशी स्वतःहून म्हणाला की भाऊंसारखा माझाही सब-मीटर बसवू. बिलाचं बोलणं चहा संपायच्या आत संपलं. त्याला कोणी कष्टांबद्दल विचारलं नाही. नानांनी गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या वहिनींना सांगताना मी आतून ऐकलं, आमच्या पोराचं काम आता घरूनच आहे, पुण्याची कंपनी आहे, दुपारी त्याला कोणी हाक मारू नका. मी इतकी वर्षं त्याच घरात दुपारचा बसून धंदा करत होतो. मला हाक मारू नका असं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

नळ आला की तो हात वर करून खूण करतो, फोन चालू आहे. पहिल्या दोन वेळा मी उठलो. तिसऱ्या वेळी त्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो आणि फोन संपल्यावर सांगितलं की एक पाळी तुझी, एक माझी, आणि ज्याची पाळी त्याला भांडी माफ. तो लगेच हो म्हणाला. चांगला पोरगा आहे, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही.

माझं वाकडं आहे ते दुसऱ्या गोष्टीशी. परवा जेवताना मी नानांना विचारलंच. आम्ही दोघे घरून काम करतो, मग त्याच्या कामाचे पेढे आणि माझ्या कामाचं भांडण, असं का?

नानांनी घास चावून संपवला. म्हणाले, "तुनं येगळं शे. तुना डोक्यावर कोनी साहेब नही."

तरुण हसला. नानांचं उत्तर मला फारसं आवडलं नाही. ज्याच्या डोक्यावर साहेब आहे तोच काम करतो, आणि ज्याने साहेबाशिवाय घर चालवलं तो बसलेला असतो, हे नानांना कचेरीत शिकवलं असेल, मला कुठल्याही बाजारात कोणी शिकवलं नाही. त्यांचं म्हणणं मी अजून मान्य केलेलं नाही. पण त्या दिवशी वाद वाढवला नाही, कारण आत माझा फोन वाजत होता आणि ट्रॅक्टर घेणारा माणूस भावावर आला होता. सकाळी पाणी मी भरलं होतं, भांडी मला माफ होती. ताट मोरीत ठेवलं, हात धुतले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.